लॉडविक पॉइंटमागची गोष्ट: कबुलीवर सही नाकारून राज्य गमावणारे प्रतापसिंह महाराज

माथेरानला गेलात की पॉइंटांची नावं वाचत फिरता. लुईझा, अलेक्झांडर, पॅनोरमा. महाबळेश्वरलाही तसंच. तिथल्या लॉडविक पॉइंटवर सेल्फी काढणाऱ्यांची गर्दी असते. ज्यांच्या नावाचा हा पॉइंट, ते पीटर लॉडविक १८२४ मध्ये महाबळेश्वरच्या डोंगरावर चढलेले इंग्रज अधिकारी होते. त्यांची एवढीच ओळख पर्यटकांना सांगितली जाते.

पण लॉडविक यांचं नाव आणखी एका कागदावर आहे. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्यावर फितुरीचा ठपका ठेवणाऱ्या गुप्त चौकशी समितीचे ते सदस्य होते. या प्रकरणात एका दिवाणाची कैदेत घेतलेली कबुली होती, एका आईच्या नावाने आलेला खोटा अर्ज होता आणि शेवटी खुद्द राजासमोर ठेवलेला एक मसुदा होता. त्यावर सही केली असती, तर राज्य वाचलं असतं. महाराजांनी सही केली नाही.

कबुली जबरदस्तीने घेतली जाते म्हणजे नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला या राजाचं चरित्र उपयोगी पडतं.

कोण होते प्रतापसिंह महाराज?

प्रतापसिंह भोसले यांचा जन्म १८ जानेवारी १७९३ चा. वडील धाकटे शाहू महाराज १८०८ मध्ये वारले आणि १५ वर्षांचे प्रतापसिंह गादीवर आले. नावाला छत्रपती, पण कारभार पुण्यात पेशव्यांच्या हाती. साताऱ्याच्या राजघराण्यावर पेशव्यांचा पहारा असे.

इंग्रज आणि दुसरे बाजीराव यांचं युद्ध सुरू झालं तेव्हा बाजीरावांनी राजघराण्याला आपल्या छावणीबरोबर फिरवलं. फेब्रुवारी १८१८ मध्ये सोलापूरकडच्या आष्टीला लढाई झाली. त्यात सेनापती बापू गोखले पडले आणि महाराज इंग्रजांच्या हाती आले. १० एप्रिल १८१८ रोजी इंग्रजांनी त्यांना साताऱ्यात गादीवर बसवलं. २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला. सुरुवातीला कॅप्टन ग्रँट डफ कारभार पाहत होते. १८२२ मध्ये महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले.

महाराज कामसू होते. रोजनिशी लिहायचे, हिशेब स्वतः बघायचे. रस्ते, पाणीपुरवठा आणि शिक्षण यांत त्यांनी लक्ष घातलं. साताऱ्यातल्या प्रतापसिंह हायस्कूलला त्यांचंच नाव आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर या मुलाचं नाव याच शाळेत दाखल झालं.

महाबळेश्वरही त्यांच्याच राज्यात होतं. इंग्रजांना थंड हवेचं ठिकाण हवं होतं. १८२९ मध्ये ती जागा त्यांनी महाराजांकडून घेतली आणि बदल्यात खंडाळा हे गाव दिलं (लोणावळ्याचं नव्हे, साताऱ्याजवळचं). ह्यू मॅलेट यांनी माथेरान शोधलं १८५० मध्ये, म्हणजे त्यानंतर २१ वर्षांनी.

१८३५ च्या अखेरीस कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी महाराजांच्या कारभाराची तारीफ करणारं पत्र लिहिलं आणि सन्मान म्हणून तलवार पाठवली. मुंबई सरकारने ही भेट महाराजांपर्यंत पोहोचू दिली नाही.

मग बिनसलं कुठे?

मूळ वाद जहागिरींचा होता. औंध, भोर, फलटण, जत, अक्कलकोट अशा जहागिरींवर साताऱ्याचा हक्क किती आणि इंग्रजांचा किती, यावर १८१९ च्या तहाचा अर्थ दोन्ही बाजू वेगवेगळा लावत होत्या. महाराजांचं म्हणणं असं, की या जहागिरी छत्रपतींच्या आहेत आणि वारस नसेल तर त्या साताऱ्याकडे परत यायला हव्यात. मुंबई सरकारला ते मान्य नव्हतं.

महाराजांनी लेखी तक्रारी केल्या. दाद मिळेना, तेव्हा थेट लंडनला वकील पाठवायचं ठरवलं. आपल्या डोक्यावरून वरच्या साहेबाकडे तक्रार गेली की मधल्या साहेबाला राग येतो. मुंबई सरकारचंही तेच झालं.

आरोप कोणते होते?

१८३६ मध्ये पहिला आरोप झाला. अंताजी नावाच्या एका ब्राह्मणाने साताऱ्यातल्या कंपनीच्या पलटणीतल्या दोन देशी सुभेदारांना फितवण्याचा प्रयत्न केला आणि त्यामागे महाराज व त्यांचे दिवाण गोविंदराव आहेत, असं सांगण्यात आलं. ऑक्टोबर १८३६ मध्ये मुंबई सरकारने गुप्त समिती नेमली. त्यात रेसिडेंट लॉडविक, सरकारचे सचिव विलोबी आणि कर्नल ओव्हान्स असे तिघे होते.

महाराजांना समितीसमोर बोलावलं गेलं. त्यांनी आरोप नाकारला. साक्षीपुराव्याच्या नकला मागितल्या, त्या मिळाल्या नाहीत.

पुढे आणखी दोन आरोप जोडले गेले. एक, गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयशी कंपनीविरुद्ध पत्रव्यवहार. दुसरा, नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले यांच्याशी संधान. या दोन आरोपांची चौकशी महाराजांच्या माघारीच झाली. १८३७ मध्ये लॉडविक यांच्या जागी ओव्हान्स रेसिडेंट झाले. म्हणजे चौकशी समितीतला माणूसच आता पुरावा गोळा करत होता. गोव्याच्या प्रकरणातले कागद तर त्यांनी पैसे मोजून मिळवले.

गोविंदरावांची कबुली कशी मिळाली?

सगळ्या प्रकरणाचा कणा इथे आहे.

दिवाण गोविंदरावांना अटक करून साताऱ्याबाहेर नेलं. आधी पुणे, मग अहमदनगर. घरचं माणूस नाही, धन्याशी बोलणं नाही, खटला कधी चालणार याचा पत्ता नाही. १८३७ मध्ये अहमदनगरच्या कैदेत त्यांनी इंग्रज न्यायाधीशासमोर जबाब दिला आणि महाराजांविरुद्धचा आरोप मान्य केला.

त्याआधी सरकारकडे एक अर्ज पोहोचला होता. त्यावर गोविंदरावांच्या आई गिरजाबाई यांचं नाव होतं. आपला मुलगा महाराजांच्या सांगण्यावरून या कटात ओढला गेला, अशा अर्थाचा मजकूर त्यात होता. सख्खी आई सांगते म्हटल्यावर त्याला वजन आलं. पण पुढे कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या माणसाने हा अर्ज आपणच लिहिल्याचं सरकारला कळवलं आणि त्या कामाचा मोबदला मागितला.

आता पुराव्याची साखळी बघा. अर्ज खोटा. अर्जाला दुजोरा देणारी कबुली एकट्या कोंडलेल्या कैद्याची. त्या कबुलीला आधार सुभेदारांच्या साक्षीचा आणि साक्षीला आधार पुन्हा कबुलीचा. कागद तीन-चार दिसतात, पण ते एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे आहेत. जमिनीवर पाय कुणाचाच नाही.

कबुली जबरदस्तीची म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पट्टा आणि थर्ड डिग्री येते. गोविंदरावांच्या बाबतीत मारहाणीची गरजच नव्हती. माणसाला एकटं ठेवायचं, मुदत सांगायची नाही आणि बोललास तर सुटशील ही आशा जिवंत ठेवायची. बहुतेकांसाठी एवढं पुरतं. निरपराध माणूसही हिशेब करतो, की आत्ता हो म्हणू, इथून बाहेर पडू, खरं-खोटं नंतर बघू. तो नंतर अनेकदा येतच नाही.

हे इंग्रजांना माहीत नव्हतं असं नाही. १७८३ च्या वॉरिकशॉल खटल्यापासून इंग्लंडमधल्या कोर्टांत तत्त्व ठरलेलं होतं: आशा दाखवून किंवा भीती घालून मिळवलेली कबुली विश्वासाची नाही, ती पुराव्यात घ्यायची नाही. लंडनच्या चोराला जो नियम लागू होता, तो साताऱ्याच्या राजाला लागू झाला नाही.

सही करा, राज्य ठेवा

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचे नवे गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्याला आले. महाराजांशी त्यांच्या भेटी झाल्या. कारनॅक यांचा प्रस्ताव वरवर उदार होता. झालं गेलं विसरू, गादी कायम राहील, फक्त एका मसुद्यावर सही करा.

मसुद्यात काही अटी होत्या. १८१९ चा तह काटेकोर पाळायचा, विश्वासू कारभारी बळवंतराव चिटणीस यांना दूर करायचं, जहागिरदारांना इंग्रजांची हमी मान्य करायची. पण खरी मेख सुरुवातीलाच होती. आपल्या हातून तहाचा भंग झाला, हे महाराजांनी मान्य करायचं होतं.

महाराजांनी बाकीच्या अटींवर बोलायची तयारी दाखवली. पण न केलेला गुन्हा कबूल करायला नकार दिला. उघड चौकशी करा, पुरावा मला दाखवा, दोषी ठरलो तर शिक्षा भोगेन, ही त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही.

हा क्षण नीट पाहायला हवा. सरकारकडे पुरावा भक्कम असता, तर राजाच्या सहीची गरज काय होती? कबुली मागितली जाते ती अनेकदा पुरावा कच्चा असतो म्हणूनच. आरोपीने स्वतः हो म्हटलं, की तपासातली सगळी भोकं बुजतात. ज्याने तपास केला त्याला कुणी प्रश्न विचारत नाही.

दुसऱ्या बाजूने विचार केला, तर सही करणं शहाणपणाचं दिसतं. एक सही, आणि राजवाडा, खजिना, प्रजा सगळं शाबूत. महाराजांच्या आसपासच्या अनेकांना तसं वाटलं असेल. पण या सहीने गोविंदरावांची कबुली कायमची खरी ठरली असती. मग दाद मागायची जागाच उरली नसती.

५ सप्टेंबर १८३९

कर्नल ओव्हान्स फौज घेऊन राजवाड्यात शिरले आणि महाराजांना ताब्यात घेतलं. महाराजांनी प्रतिकार केला नाही, आपल्या माणसांनाही करू दिला नाही. साताऱ्याजवळच्या लिंब गावी त्यांना ठेवलं आणि पुढे काशीला रवाना केलं. खाजगी मालमत्ताही जप्त झाली. त्या लांबच्या प्रवासात महाराजांचे नातलग आणि सेनापती बाळासाहेब भोसले वारले.

गादीवर महाराजांचे धाकटे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना बसवलं गेलं. कोणत्याही कोर्टात खटला चालला नव्हता. आरोपीने साक्षीदारांची उलटतपासणी घेतली नव्हती. तरीही शिक्षा झाली.

लंडनमध्ये १८४० ते १८५३

निकाल फिरवण्यासाठी महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. १८४० ते १८५३ अशी वर्षं त्यांनी तिथे काढली. इंग्रजी शिकले, पुस्तिका छापल्या, सभा घेतल्या, कंपनीच्या भागधारकांच्या सभेत प्रश्न उपस्थित करवले. पार्लमेंटचे सदस्य जोसेफ ह्यूम आणि गुलामगिरीविरोधी चळवळीतले वक्ते जॉर्ज थॉम्पसन यांनी महाराजांची बाजू उचलून धरली.

सर्वांत मोठी साथ अनपेक्षित ठिकाणाहून आली. गुप्त समितीतले लॉडविक निवृत्तीनंतर लंडनमध्ये महाराजांच्या बाजूने बोलू लागले. ज्या चौकशीत आपण बसलो होतो, तीच चुकली, हे त्यांनी उघड मान्य केलं. या प्रकरणात कुणावरही दबाव न येता, स्वतःहून दिलेली हीच कबुली म्हणावी लागेल. तिचा उपयोग झाला नाही. भागधारकांच्या सभांत चर्चा झाल्या, मतं पडली, संचालक ढिम्म राहिले.

१४ ऑक्टोबर १८४७ रोजी महाराज काशीत वारले. वय ५४. शेवटपर्यंत त्यांची मागणी एकच होती, माझी उघड चौकशी करा. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८४८ मध्ये आप्पासाहेबही गेले. त्यांना औरस पुत्र नव्हता. दत्तक नामंजूर करून लॉर्ड डलहौसी यांनी सातारा खालसा केलं. ज्या राज्यासाठी दाद मागायची, ते राज्यच नकाशावरून गेलं.

रंगो बापूजी १८५३ मध्ये रिकाम्या हाताने परतले. सगळे अर्ज करून झाले होते. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची तयारी उघड झाली. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना मृत्युदंड दिला गेला. काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी मात्र कधीच हाती लागले नाहीत. त्यांचा शोध घेणाऱ्या मुंबई सरकारचे प्रमुख होते गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन, म्हणजे माथेरानला नावारूपाला आणणारे तेच एल्फिन्स्टन.

आज असं झालं तर कायदा काय म्हणतो?

प्रतापसिंह महाराजांच्या पदच्युतीनंतर ३३ वर्षांनी, १८७२ मध्ये भारतीय पुरावा कायदा आला. त्याच्या कलम २४ नुसार आमिष, धमकी किंवा वचन देऊन मिळवलेली कबुली पुराव्यात चालत नाही. कलम २५ नुसार पोलीस अधिकाऱ्यासमोरची कबुली चालत नाही. पोलीस कोठडीत असताना दिलेली कबुली मॅजिस्ट्रेटसमोर असेल तरच विचारात घेता येते. १ जुलै २०२४ पासून या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्यात याच तरतुदी कलम २२ आणि २३ मध्ये आहेत.

मॅजिस्ट्रेटने कबुली नोंदवण्याआधी आरोपीला सांगायचं असतं, की कबुली देण्याचं बंधन तुझ्यावर नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. आरोपीने नकार दिला, तर त्याला परत पोलीस कोठडीत धाडता येत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावर करता येणार नाही, हे राज्यघटनेच्या कलम २० (३) मध्ये लिहिलेलं आहे.

एकाच्या कबुलीवरून दुसऱ्याला दोषी धरता येतं का? सुप्रीम कोर्टाने १९५२ मध्ये कश्मीरा सिंग खटल्यात सांगितलं, की आधी बाकीचा पुरावा बघा. तो स्वतःच्या पायावर उभा असेल, तरच सहआरोपीच्या कबुलीचा आधार जोडीला घ्या. ही कसोटी लावली, तर गोविंदरावांच्या जबाबावरून महाराजांवर ठपका ठेवता आला नसता.

मात्र नियमाला अपवाद आहेत. महाराष्ट्राच्या १९९९ च्या मोक्का कायद्यात पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली पुरावा म्हणून चालते. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात अशाच कबुलीजबाबांना मोठं महत्त्व होतं. १८० हून अधिक प्रवाशांचा जीव घेणाऱ्या या स्फोटांसाठी विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये १२ जणांना दोषी ठरवलं, त्यांतल्या पाच जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई हायकोर्टाने सर्वांची शिक्षा रद्द केली. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, छळाच्या आरोपाला वैद्यकीय नोंदींचा आधार आहे आणि वेगवेगळ्या जबाबांतले मजकूर सारखे आहेत, अशी कारणं निकालात होती. १२ पैकी एकाचा तोवर तुरुंगात मृत्यू झाला होता. राज्य सरकारने अपील केलं. २४ जुलैला सुप्रीम कोर्टाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला सांगितलं नाही.

अशा निकालात दोन बाजूंचं नुकसान असतं. आत गेलेल्यांची १९ वर्षं परत येत नाहीत. आणि ज्यांची माणसं लोकलच्या डब्यात गेली, त्यांचा प्रश्न तसाच राहतो, की मग हे केलं कुणी? कबुली मिळाली की तपास तिथेच थांबतो. कबुली कोसळली, तर हातात काहीच उरत नाही, कारण दुसरा पुरावा शोधायची वेळ तोवर निघून गेलेली असते.

जाता जाता

प्रतापसिंह महाराजांवरचा ठपका कोणत्याही कोर्टाने पुसला नाही, कारण कोणत्याही कोर्टाने तो ठेवलाच नव्हता. कबुलीच्या कागदावर त्यांची सही नाही, एवढीच त्यांच्या बाजूची नोंद. त्यासाठी त्यांनी राज्य मोजलं.

पोलीस ठाण्यात बसवलेल्या साध्या माणसाकडे मोजायला राज्य नसतं. असते ती नोकरी, घर आणि बाहेर वाट बघणारी माणसं. त्याला राजाइतकी हिंमत दाखवावी लागू नये, म्हणून कायद्यातली ही कलमं आहेत. पुढच्या वेळी महाबळेश्वरला लॉडविक पॉइंटवर उभे राहाल, तेव्हा दरीबरोबर हेही आठवा: या माणसाने चौकशीत चूक केली होती आणि नंतर ती मान्यही केली होती. फक्त तोवर फार उशीर झाला होता.